संगीत बनवायला लागलात, पण उत्साह पुन्हा पुन्हा मावळतो? या क्रमाने तपासा

लक्षणं

यातली तीन-चार ओळखीची वाटली तर पुढे वाचा.

- गाणं बनवायचं सॉफ्टवेअर उघडता, कालची फाइल दोनदा वाजवता आणि बंद करता.
- फोल्डरमध्ये 'नवीन', 'नवीन २', 'नवीन २ फायनल' अशा फायलींचा ढीग आहे आणि एकही अर्ध्या मिनिटाच्या पुढे जात नाही.
- रात्री झकास वाटलेली चाल सकाळी भिकार वाटते.
- कीबोर्डवर वाजवताना लय हलते, पण तोच ठेका टेबलावर बोटांनी धरला तर नीट बसतो.
- गाणं बनवण्यापेक्षा ते कसं बनवावं याचे व्हिडिओ बघण्यात जास्त वेळ जातो.
- नवीन प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं वाद्य किंवा इफेक्ट) घेतलं की दोन दिवस जोर येतो, मग पुन्हा जैसे थे.

यावर प्रत्येक जण स्वतःच निदान करून येतो : "माझ्यात चिकाटीच नाही." नवशिक्यांची ही तक्रार निस्तरायचं काम मी बरीच वर्षं करतोय. चिकाटीचा प्रश्न त्यातल्या फार थोड्यांचा असतो. बाकीच्यांच्या बाबतीत हाताने केलं आणि कानाला मिळालं, या दोहोंच्या मध्ये काहीतरी अडलेलं असतं. कुठे आवाज उशिरा येतो, कुठे तुलना खोटी असते, कुठे एकच तुकडा ऐकून ऐकून कान मेलेले असतात. केल्याचं फळ ताबडतोब आणि खरं ऐकू आलं नाही तर कोणाचाही उत्साह जाणारच. म्हणून मनाला हात घालायच्या आधी टेबल तपासायचं.

खालचा क्रम फुकट आणि सोप्यापासून अवघडाकडे जातो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार बैठका तशाच होऊ द्या. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि दोष परत आला की पहिल्यापासून शोधाशोध.

बसल्यापासून पहिला सूर येईपर्यंत किती वेळ?

घड्याळ लावून बघा. कॉम्प्युटर सुरू करणं, कप्प्यातून कीबोर्ड काढणं, केबल शोधणं, सॉफ्टवेअरचे अपडेट नाकारणं, रिकामी फाइल उघडून ड्रमचा आवाज निवडणं, यात बऱ्याच जणांची दहा-पंधरा मिनिटं जातात. हातात वेळच अर्धा तास असेल तर त्यातला अर्धा तयारीत गेला. दमून आलेल्या माणसाला हे आधीच माहीत असतं, म्हणून तो बसतच नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस दिसतो.

उपाय : एक टेम्प्लेट, म्हणजे आधीच मांडून ठेवलेली फाइल, बनवा. त्यात एक ड्रम किट, एक बास, एक पियानो, एक मोकळा ऑडिओ ट्रॅक आणि मेट्रोनोम, एवढंच. सॉफ्टवेअर उघडल्यावर थेट हीच फाइल यावी अशी सेटिंग करून ठेवा. जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ती असते. कीबोर्ड टेबलावर जोडलेलाच राहू द्या, धूळ बसेल तर वर फडकं टाका. दोन मिनिटांच्या आत पहिला सूर वाजला पाहिजे. नुसत्या एवढ्यावर बरे झालेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांना ते पटत नाही, कारण इलाज फारच किरकोळ वाटतो.

आवाज उशिरा येतोय का?

ही तपासणी वगळू नका. 'मला तालाचं अंगच नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो : हेडफोन कोणते? ब्लूटूथचे असतील तर बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सहज १०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचतो. १२० च्या टेम्पोत (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रा १२५ची. तुम्ही पट्टी समेवर दाबता आणि कानात आवाज जवळजवळ पाव मात्रेनंतर येतो. मग हात नकळत पुढे पळतो, रेकॉर्डिंग ऐकलं की सगळं घाईचं वाटतं, पुन्हा वाजवलं की उलटं होतं. अशा हेडफोनवर मुरलेला वादकही डगमगेल. गाणी ऐकताना हा उशीर कळत नाही, कारण तिथे सगळंच एकसारखं उशिरा येतं आणि तुलनेला हात नसतो.

वायरचे हेडफोन लावा, अगदी साधे चालतील. तरीही उशीर वाटला तर बफर साइज बघा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती नमुने जमवून मग पुढे सोडतो ते. सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) ४४,१०० असताना १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. आपला स्पीकर आठ मीटर लांब ठेवून वाजवलं तर आवाज यायला तेवढाच वेळ लागेल. वाजवताना बफर १२८ करा, उशीर ३ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. त्यावर ड्रायव्हर आणि यंत्राचे थोडे वरचे धरा, तरी हाताला ते जाणवत नाही. कॉम्प्युटर जुना असेल आणि आवाजात तडतड येऊ लागली तर २५६ वर थांबा. मिक्स करताना (सगळे ट्रॅक एकमेकांत नीट बसवताना) पुन्हा वाढवला तरी हरकत नाही, तेव्हा हाताने काही वाजवायचं नसतं. विंडोजवर असाल तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) निवडलाय का तेही बघून घ्या.

अजून एक लपलेली जागा आहे. मास्टर ट्रॅकवर (सगळे आवाज एकत्र होतात तिथे) लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर न जाऊ देणारा) किंवा 'लिनियर फेज' ईक्यू (खर्ज-तार कमी-जास्त करणारा) लावून ठेवला असेल तर तोही उशीर वाढवतो, कारण पुढचा आवाज आधी बघून मगच तो बाहेर सोडतो. वाजवायच्या वेळी तो बंद ठेवा. 'परवापर्यंत नीट चालत होतं' अशी तक्रार असली की मी थेट तिथेच बघतो.

तुलना समान आवाजात करताय का?

आपलं गाणं ऐकायचं, लगेच आवडत्या कलाकाराचं लावायचं आणि हाय खायची, हा रोजचा कार्यक्रम. तुलना करू नका असं मी सांगणार नाही, तुलनेशिवाय कान तयार होत नाही. पण ती सरळ तरी करा.

बाजारात आलेली गाणी मास्टरिंग (आवाज मोठा आणि सारखा करायचा शेवटचा हात) होऊन आलेली असतात. त्यांची सरासरी पातळी बरेचदा उणे ८ ते उणे १० एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा), म्हणजे भलतीच मोठी. तुमचं कच्चं मिक्स उणे १८-२० च्या आसपास असू शकतं. हा दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. त्यात कानाचा स्वभाव असा की आवाज लहान झाला की खर्जाकडचे सूर सर्वांत आधी हरवतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडून ठेवलेत. त्यामुळे लहान आवाजातलं तुमचं गाणं पातळ, कुडमुडं वाटणारच. मग तुम्ही बास वाढवता, त्यात आवाज चिखल होतो, आणि 'मला मिक्सिंग जमत नाही' यावर गाडी येते.

त्या कलाकाराचं गाणं आपल्याच फाइलमध्ये एका ट्रॅकवर घ्या आणि त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढा. दोन्ही सारखीच मोठी वाटेपर्यंत ओढा. आठ-दहा डेसिबल खाली न्यावं लागलं तरी आश्चर्य नको. आता ऐका. फरक अजूनही दिसेल, पण आता तो नावानिशी दिसेल : त्यांचा स्नेअर (ड्रममधला कडक ठोका) कोरडा आहे, माझ्यावर रिव्हर्ब (घुमणं) जास्त झालाय. यावर काम करता येतं. 'त्यांचं भारी, माझं भंगार' यावर काय काम करणार?

एकच आठ बार किती वेळा ऐकले?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतली सर्वांत मोठी रास इथे अडकलेली असते, म्हणून इथे जरा बसू या.

बार म्हणजे चार मात्रांचा गट. १२० च्या टेम्पोत आठ बार म्हणजे १६ सेकंद. लूप लावून तासभर बसलात तर तो तुकडा २२५ वेळा फिरतो. दुनियेतली कुठलीही चाल तासात २२५ वेळा ऐकली तर विटेल. तुम्हाला वाटतं चाल वाईट होती, पण खरं तर तुमचा कान भरलाय. मग तुम्ही त्यात आणखी एक थर टाकता, कारण नवा थर आला की दोन मिनिटं ताजं वाटतं. आठव्या-नवव्या थरावर आवाजांची खिचडी होते, फाइल बंद होते आणि उद्या 'नवीन ३' उघडते.

सुटायचा मार्ग असा. थर चार-पाच झाले की लूप बंद करा. तो आठ बारांचा तुकडा जसाच्या तसा ओळीने आठ वेळा चिकटवा. ६४ बार झाले, म्हणजे दोन मिनिटं आठ सेकंद. गाण्याची लांबी आली, आता फक्त पुसायचं. पहिल्या आठ बारांत एकटा पियानो ठेवा, बाकी सगळं उडवा. नवव्या बारपासून हाय-हॅट (झांजांचा चिकचिक ठोका) येऊ द्या, पण किक (ड्रमचा खर्जातला ठोका) नको. सतराव्या बारला किक आणि बास एकदम. तेहतिसाव्याला ड्रम पूर्ण काढून टाका, चाल आणि बास दोघंच राहू द्या. एकेचाळिसाव्याला सगळं परत आणा. शेवटच्या आठात एकेक वाद्य उठून जाऊ द्या.

पुसायला डोकं कमी लागतं आणि फरक लगेच ऐकू येतो. किक सतराव्या बारला पहिल्यांदा येते तेव्हा अंगावर जे येतं ते लूपमध्ये कधीच आलं नसतं, कारण तिथे ती पहिल्या सेकंदापासून होती. मुखडा-अंतऱ्याची रचना शिकायची राहिली असली तरी हरकत नाही. हे दहा-बारा वेळा केलं की कुठे काय हवं ते कानच सांगू लागतो.

मग फाइल एक्सपोर्ट करा आणि त्या दिवशी पुन्हा ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, कॉम्प्युटरपासून लांब, चालताना वगैरे एकदाच ऐका आणि खटकलेल्या फक्त तीन जागा लिहून घ्या. तेवढ्या दुरुस्त करा आणि गाणं पुरं झालं म्हणा, मग ते कसंही असो. पुरं केलेल्या वाईट गाण्यातून शेवट कसा करावा हे कळतं. अर्धवट सोडलेल्या चांगल्या लूपमधून ते कधीच कळत नाही.

सगळं यंत्रासारखं वाजतंय का?

छोटी तपासणी. मिडीमध्ये (कुठला सूर, कधी, किती जोरात हे नोंदवायच्या पद्धतीत) प्रत्येक सुराचा जोर ० ते १२७ असा मोजतात. माऊसने टिपलेल्या सुरांचा जोर एकसारखा पडतो, बहुधा १०० वगैरे. सोळा हाय-हॅट, सोळाही १००. वर क्वांटाइझ, म्हणजे सूर नेमक्या जागी ओढून बसवणं, पूर्ण. ऐकणाऱ्याला दोष नेमका सांगता येत नाही, पण निर्जीव वाटतं आणि तुम्हालाही करमेनासं होतं. मात्रेवरचे ठोके १०० ठेवा, मधले ६०-७५ वर आणा, दोन-तीन आणखी खाली. क्वांटाइझ टक्क्यात कमी करायची सोय असते, ती ७०-८० वर न्या. पाच मिनिटांचं काम आहे. नवीन ड्रम किट विकत घेण्याआधी हे नक्की करा.

पर्याय फार झालेत का?

तीनशे प्रीसेट (तयार आवाज) चाळण्यात संध्याकाळ गेली की संगीत केल्यासारखं वाटतं, हाती मात्र काही नसतं. १९६० च्या दशकात अनेक गाजलेले अल्बम चार ट्रॅकच्या टेप-मशीनवर मुद्रित झाले. तुमच्याकडे ट्रॅकला मर्यादाच नाही, त्यामुळे ती तुम्हालाच घालावी लागेल. एक महिना फक्त चार आवाज, तेही सॉफ्टवेअरसोबत आलेले. प्लगइन विकत घ्यायचंच असेल तर एक गाणं पुरं झाल्यावर घ्या. माझ्या अनुभवात तोवर त्या प्लगइनची गरज बहुतेकदा उरत नाही.

व्हिडिओंचंही तेच. अडलं की अडलेल्या जागेपुरता बघा, बघताना फाइल उघडी ठेवा, आणि सांगितलेलं तिथल्या तिथे करून बघा. नुसतं बघून ठेवलेलं चार दिवसांत जातं, मग 'एवढं शिकूनही येत नाही' म्हणून खिन्नता तेवढी उरते.

चालच सुचत नाही

इथून पुढच्या तपासण्यांना वेळ लागतो.

कीबोर्डसमोर बसून चाल शोधाल तर बोटं सवयीच्या जागी जातात. आधी गुणगुणा, फोनवर रेकॉर्ड करा, मग ते सूर पट्ट्यांवर शोधा. गळा बेसूर असला तरी चालेल, तो कुणाला ऐकवायचा नाहीये.

तेही जमत नसेल तर सूर कमी करा. आठवडाभर फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीन (तीन काळ्यांच्या गटातली पहिली) सा धरली तर काळ्या पाच पट्ट्यांवर बरोबर सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप रागाचेच सूर. यात कुठलेही दोन सूर अर्ध्या स्वराच्या अंतराने घासत नाहीत, त्यामुळे काहीही वाजवलं तरी टोचत नाही. चुकायची भीती गेली की लक्ष लयीकडे आणि श्वासाकडे जातं. कुठे थांबायचं, कुठला सूर लांबवायचा, हे कळणं म्हणजेच चाल सुचणं. आठवड्यानंतर पांढऱ्यांवर या.

आणि बैठका लहान पण नियमित ठेवा. रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा रोजची वीस-पंचवीस मिनिटं जास्त कामाची. हाताने शिकलेली गोष्ट मधल्या झोपेत पक्की होते, आणि आठवडाभराच्या खंडानंतर पहिला तास विसरलेलं आठवण्यातच जातो.

ऐकणारं कोणी आहे का?

शेवटची आणि सर्वांत अवघड, कारण इथे लाज आडवी येते. महिनोन्महिने एकट्याने बनवून एकट्यानेच ऐकलं तर कोणीही खचतो. पण एकदम सगळ्या जगासमोर टाकलं आणि कोणी दखल घेतली नाही तर त्याहून खचतो. एकच माणूस शोधा, शक्यतो स्वतः काहीतरी बनवणारा. "कसं वाटलं?" विचारू नका, त्याला "छान" एवढंच उत्तर येतं. "कुठे कंटाळा आला, ते मिनिट सांग" असं विचारा. घरच्यांना ऐकवलंत तर कौतुक होईल आणि ते हवंही असतं, फक्त त्याला तपासणी समजू नका.

याच टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा : मला गाणं बनवायचंय की वाद्य वाजवायचंय? पडद्यावर चौकोन सरकवण्यात ज्यांचा जीव रमत नाही, ते वाद्य हातात घेतल्यावर फुललेले मी पाहिलेत. त्यांचा उत्साह शाबूत होता, काम चुकीचं होतं.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

यंत्राचा दोष : केबल, हेडफोन, ड्रायव्हर, बफर एकेक करून बदललं आणि तरीही तडतड, गुंजारव किंवा उशीर जात नसेल तर दोन संध्याकाळींपेक्षा जास्त घालवू नका. जाणकाराला दाखवा. इंटरफेस (कॉम्प्युटर आणि माइक-स्पीकर यांच्यामधला डबा) किंवा स्पीकर स्वतः उघडायचा नाही. वीज काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो.

शिकण्याचा दोष : वरचं सगळं दोन-तीन महिने केलं आणि तीच जागा अडतेय, सूर उतरलाय की चढलाय ते ओळखू येत नाही, किंवा लय कुठे सुटते ते सापडत नाही, तर शिक्षक गाठा. आपल्याच कानाचा दोष आपल्याच कानाने पकडता येत नाही. चार-सहा शिकवण्यांनीही बरंच मोकळं होतं, वर्षाची फी भरायची गरज नाही.

हात : मनगटात ठणका, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला की त्याच क्षणी वाजवणं थांबवा. गिटार शिकताना बोटांची टोकं हुळहुळतात, ते वेगळं, काही आठवड्यांत घट्टे पडून ते जातं. पण मुंग्या आणि बधिरपणा हे नसेचं लक्षण आहे. विश्रांती घेऊनही गेलं नाही तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. रेटून रियाझ केलात तर नुकसान वाढेल.

मन : इथे जपून वाचा. संगीताचाच कंटाळा आला असेल तर वरच्या तपासण्या पुरतात. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस कशातच गोडी नाही, झोप किंवा भूक बिघडलीये, माणसं नकोशी झालीयेत, तर हा दोष टेम्प्लेट बदलून जाणारा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर वाट न बघता आजच जवळच्या माणसाला सांगा आणि मदत मागा. फाइल उघडी पडून राहिली तरी बिघडत नाही.

कान : जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त चार. हेडफोनवर आवाज मोठा करून रात्र काढणारे हा कोटा दोन बैठकांत संपवतात. शिटीसारखा आवाज कानात घुमत राहिला आणि एक-दोन दिवसांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मेण असेल, सर्दी असेल म्हणत बसू नका, त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका ऐकू येणं परत मिळण्याचा संभव जास्त.